तीन गाड्या एकदम का येतात?

थांब्यावर अर्धा तास गाडी नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन गाड्या पाठोपाठ! मुंबई-पुण्यात हे अनुभवले नाही असा प्रवासी विरळा. राग चालक-वाहकांवर निघतो. दोष बहुतेकदा त्यांचा नसतो. पहिल्या गाडीला एखाद्या सिग्नलवर दोन मिनिटे उशीर झाला, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमतात. ती चढेपर्यंत उशीर आणखी वाढतो. मागच्या गाडीला मात्र थांबे जवळपास रिकामेच मिळतात; ती भराभर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. यावरचा एक उपाय म्हणजे मागच्या गाडीला वाटेत मिनिटभर रोखणे. त्यासाठी दोघींमध्ये या क्षणी किती अंतर आहे, हे नियंत्रण कक्षाला कळायला हवे.

ते कळते उपग्रहांमुळे. पण उपग्रह वरून बसवर नजर ठेवतो, ही समजूत चुकीची आहे. खाली कोणती बस धावते आहे याचा त्याला पत्ताही नसतो. आपली जागा आणि आपल्या घड्याळातली वेळ तो सतत प्रक्षेपित करतो, एवढेच. बसमधले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, प्रत्येकाला पोहोचायला किती वेळ लागला ते मोजते, त्यावरून आपली जागा काढते आणि मोबाइल नेटवर्कवरून कक्षाला कळवते. जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो तो यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

सगळी मदार वेळेवर आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, म्हणजे तेवढ्याशा चुकीने बस भलत्याच चौकात दिसेल. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे असतात. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक प्रणालीच्या सुरुवातीच्या उपग्रहांत ती परदेशी होती आणि त्यांतली काही बंद पडली. 29 मे 2023 रोजी इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-01 या नाविकच्या उपग्रहामध्ये प्रथमच भारतात, अहमदाबादच्या केंद्रात, घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. शहरातल्या बसचा ठावठिकाणा आपल्या स्वतःच्या घड्याळावर सांगता यावा, हे मला फार मोलाचे वाटते.

शहरात आणखी एक अडचण असते. लोअर परळसारख्या भागात काचेच्या मनोऱ्यांवर आपटून संदेश वळसा घेत येतो, उशिरा पोहोचतो आणि बस शेजारच्या गल्लीत असल्यासारखी दिसते. बसचा मार्ग ठरलेला असल्याने ही चूक बरीचशी दुरुस्त करता येते; टॅक्सीच्या बाबतीत ते इतके सोपे नाही.

2019 पासून देशात नव्या बस-टॅक्सींना असे यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचे बटण सक्तीचे आहे. ॲपवर गाडी दिसू लागली, हे चांगलेच झाले. वाट पाहण्याला कंटाळूनच माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. तरीही अडकलेली बस नकाशावर अडकलेलीच दिसणार. या नोंदींचा खरा उपयोग पुढे आहे. कोणत्या चौकात, किती वाजता, किती मिनिटे वाया जातात हे महिनोन्‌महिने साठत असते. पुण्याने 2006 मध्ये कात्रज-हडपसर मार्गावर बसला वेगळी मार्गिका दिली. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका उखडलीही गेली. असे निर्णय घेण्याआधी या नोंदी महापालिकेच्या सभागृहात मांडल्या जाव्यात आणि प्रवाशांनाही पाहता याव्यात. दिल्लीने 2018 पासून बसगाड्यांची चालू माहिती सर्वांना खुली केली आहे. आपल्या शहरांनीही ती खुली करावी.