घराची पूररेषा मे महिन्यातच आखा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. पावसाळ्यात हे आकडे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतात. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा कितीतरी घरांतलं तळमजल्यावरचं सामान जागच्या जागी बुडालं. पाणी एका रात्रीत आलं नव्हतं, ते काही दिवस चढत होतं. पण अनेकांनी अंदाज बांधला तो २००५ च्या पुरावरून: तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं नाही, मग आता कसं लागेल? मागच्या पुराची खूण म्हणजे पाण्याची शेवटची मर्यादा नव्हे. म्हणून घराची तयारी आठवणींच्या भरवशावर नको, फुटांच्या हिशेबानं हवी.

पुलाजवळचा आकडा किती झाला की आपला रस्ता बंद होतो आणि किती झाला की पाणी उंबऱ्याला लागतं, हे मे महिन्यातच शेजाऱ्यांना विचारून, भिंतींवरच्या जुन्या खुणा पाहून दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं. यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, कारण घराआधी रस्ता बुडतो. म्हातारी माणसं, जनावरं आणि गाडी त्याआधीच हलायला हवीत. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. चहूबाजूंनी पाणी आल्यावर निघणं किती जोखमीचं, ते तिथं दिसलं. सामानाचा क्रमही आधीच ठरवावा. सातबारा आता ऑनलाइन पुन्हा काढता येतो. शाळेचा जुना दाखला, मूळ खरेदीखत, आजोबा-पणजोबांच्या जातीच्या नोंदीची नक्कल यांच्यासाठी मात्र महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. म्हणून पिशवीत आधी ते आणि रोजची औषधं. सागवानी पलंग भिजून वाळतो, प्लायवूडचं कपाट फुगून निकामी होतं. स्टीलची भांडी खाली राहिली तरी चालतील. फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन वर गेलंच पाहिजे. गॅसचा सिलिंडर पाण्यावर तरंगतो, म्हणून रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा. पाणी आत येण्यापूर्वी विजेचा मेन स्विच बंद करावा आणि पूर ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय तो चालू करू नये. घरातल्या वस्तूंचे फोटोही आधीच काढावेत, पंचनाम्याच्या आणि विम्याच्या वेळी ते कामी येतात.

यावर कुणी म्हणेल, एका खोलीच्या पत्र्याच्या घरात ‘वर’ म्हणजे कुठं? आक्षेप अगदी खरा आहे. अशा घराची तयारी घराबाहेरच होऊ शकते: उंचावरच्या नातेवाइकाकडे एक पेटी आणि निघायचा आकडा इतरांपेक्षा दोन-तीन फूट अलीकडचा. सामान चोरीला जाईल या भीतीनं एकटा कर्ता माणूस मागं थांबतो, तीही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय गल्लीनं मिळून करायचा असतो: सगळ्यांनी एकाच वेळी निघावं, एकट्यानं माळ्यावर बसून राहू नये. सर्वांत वजनदार आक्षेप चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला मुसळधार पावसात तिथल्या वाशिष्ठी नदीचं पाणी रात्रीतून चढलं, त्यात भरतीची भर पडली आणि आकडे पाहत बसायला वेळच मिळाला नाही. जिथं पाणी तासांत चढतं, तिथं इशाऱ्यानंतरची धावपळ कामाची नाही. तिथं जून ते सप्टेंबर कागदपत्रं आणि महागाच्या वस्तू वरच्या मजल्यावरच असाव्यात आणि दुकानातला खालचा कप्पा रिकामा असावा. चार महिन्यांची ही गैरसोय सोसावी लागेल, पण नव्यानं संसार उभा करण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त आहे.

या हिशेबाची सर्वांत जास्त गरज असते नव्यानं आलेल्या भाडेकरूला, कारण त्याच्याकडे जुन्या पुराची आठवणही नसते. नदीकाठच्या शहरात तळमजल्यावरचं घर घेत असाल, तर भाडं ठरवण्याआधी घरमालकाला मागच्या पुराची खूण दाखवायला सांगा आणि तुमचा आकडा त्याच दिवशी दारावर लिहा.