आधी शेजाऱ्याकडे, मग वेदीकडे



आपल्या त्रैमासिकात पश्चात्तापाच्या साक्षी नेहमी येतात आणि त्या बहुधा वाडीवरच्या असतात. कोणी दारू सोडली, कोणी बायकोवर हात टाकणे बंद केले, कोणी वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या भावाच्या दारात गेला. अशा बऱ्याच साक्षी मीच लिहून पाठवल्या आहेत. या अंकासाठी 'पश्चात्ताप, आज्ञापालन आणि आत्मिक नवजीवन' या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा पुन्हा तसेच एखादे उदाहरण शोधायला मी वही काढली. मग वही मिटून ठेवली. या वेळची साक्ष टेबलाच्या अलीकडच्या बाजूची, म्हणजे माझी आहे.

आपले काम ज्या कातकरी वाड्यांवर चालते, तिथे दिवाळीनंतर घरेच्या घरे रिकामी होतात. वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला माणसे पावसाळा तोंडावर येईपर्यंत भट्टीवर राहतात. मुलेही बरोबर जातात. मुलगी दहावीपर्यंत पोहोचली तर वाडीला तो मोठा पल्ला वाटतो. अशाच एका घरातली मुलगी नववीत होती. पुढे तालुक्याच्या गावी शासकीय वसतिगृहात राहायचे तर जातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी कुटुंब 6 सप्टेंबर 1950 पूर्वीपासून इथले असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जे वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतात, त्यांनी असा पुरावा आणायचा कोठून? पण या घरी तो होता. मुलीचे आजोबा लहानपणी दोन इयत्ता शाळेत गेले होते. त्या शाळेचा जुना उतारा, 'कातकरी' असे स्पष्ट लिहिलेला, मुलीच्या वडिलांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून ठेवला होता. तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. झेरॉक्स नव्हती. मूळ कागद होता.

तो कागद मी हरवला. पावसाळ्यात आमचे कार्यालय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवले, त्या गडबडीत कधीतरी. हरवणे ही चूक होती. पाप त्यानंतर सुरू झाले. काकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "तहसील कचेरीत दिलाय, फाइल पुढे गेलीय." पुढच्या वेळी, "कचेरीत अडकलंय, तुम्हाला माहीतच आहे." सरकारी कचेरीवर ढकलले की कोणी फारसे खोदून विचारत नाही, हे मला ठाऊक होते. असे दीड वर्ष चालले. मुलगी दहावी पास झाली. दाखला नाही म्हणून वसतिगृह मिळाले नाही, वसतिगृह नाही म्हणून अकरावीही नाही. त्या दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर भट्टीवर गेली.

याच दीड वर्षात मी दर शुक्रवारी उपास करत होतो. आमच्या भागात संजीवन यावे म्हणून प्रार्थनागट चालवत होतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे घडले ते गटाला सांगत होतो: वर्षाच्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे असे विचारले, सुमारे 70 जणी पुढे आल्या, आणि जूनअखेर मुलींवर पवित्र आत्म्याचा असा प्रभाव झाला की त्या रडत आपली पापे कबूल करू लागल्या. हे सांगताना माझा स्वर भरून येई. पण एकटा गुडघ्यावर बसलो की आत काहीच हलत नसे. मी कामाच्या थकव्याला दोष दिला.

मग उपवासकाळात शहरातल्या एका मंडळीत मला संदेशासाठी बोलावले. वचन होते लूक 19, जक्कय जकातदाराचे. उंबराचे झाड, घरी आलेला येशू, अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. उपासना संपल्यावर संडेस्कूलचा एक मुलगा जवळ आला आणि त्याने विचारले, "अंकल, पण जक्कयाने खरंच दिले का परत? बायबलमध्ये तर फक्त तो म्हणाला एवढंच आहे." मी हसून म्हणालो, "दिलेच असणार." परतीच्या एसटीत हसू गेले. त्याने दिले की नाही हे लूक सांगत नाही, हे खरे आहे. मी दिलेले नाही, हे मला माहीत होते.

आता थोडे शास्त्राकडे वळतो, कारण मी अडकलो होतो तिथे आपल्यापैकी आणखी कोणी अडकले असेल. आपल्या भाषेतला 'पश्चात्ताप' हा शब्द नंतर होणाऱ्या तापाचा आहे. केल्यावर मन पोळते, तो ताप. शब्द खोटा नाही, पण तो आपल्याला पोळण्यापाशीच थांबवू शकतो. जुन्या करारातले संदेष्टे त्यासाठी जो इब्री शब्द पुन्हा पुन्हा वापरतात तो 'शूब', म्हणजे मागे फिरणे. त्यात पायांचे काम आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' मन बदलण्याविषयी आहे. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी "मग आम्ही काय करावे" असे विचारले, तेव्हा त्याने मनाविषयी काहीच सांगितले नाही. लूक 3 उघडून पाहा. दोन अंगरखे असणाऱ्याने काय करावे, जकातदाराने किती वसूल करावे, शिपायाने कोणाला छळू नये, अशी सगळी उत्तरे कपडे, पैसा आणि अधिकार यांविषयी आहेत.

मी ज्या आडोशाला लपलो होतो तो स्तोत्र 51 चा होता, हे सांगायला लाज वाटते. त्यात दावीद देवाला म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले. हे वचन धरून मी रात्री देवाकडे क्षमा मागत असे आणि सकाळी काकांना भेटलो की फाइलची तीच गोष्ट सांगत असे. दाविदाची गोष्ट वेगळी होती. उरीया मेलेला होता, त्याच्याकडे जाऊन बोलायची वाट दाविदाने स्वतःच बंद केली होती. माझे काका जिवंत होते. कार्यालयापासून भट्टी मोटरसायकलने पाऊण तासावर होती.

डिप्लोमाला असताना लेवीय 6 आम्ही दोषार्पणाचा विधी म्हणून पाठ केला होता. त्या रात्री ते पुन्हा वाचले. तिथे पहिलेच उदाहरण शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या ठेवीविषयी खोटे बोलणाऱ्या माणसाचे आहे! त्याने काय करावे याचा क्रमही दिला आहे: ज्याची वस्तू त्याला ती पुरी परत द्यावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जावे. गणना 5 मध्ये त्याच्या आधी कबुली आहे. मत्तय 5 मध्ये प्रभू येशूनेही हाच क्रम ठेवला आहे: अर्पण वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी दीड वर्ष मेंढाच घेऊन फिरत होतो.

कोणी विचारेल, मग कृपेचे काय? भरपाई करून क्षमा विकत मिळते का? मुळीच नाही. जक्कय उभा राहून बोलला तेव्हा येशू त्याच्याकडे उतरायचे ठरवून आलेलाच होता, आणि जक्कयाने एक पैसा देण्यापूर्वी आला होता. इफिस 2 मध्ये तारण कृपेने हे आधी येते आणि सत्कृत्ये त्यामागून, पण दोन्ही एकाच दमात येतात. आपण पहिले अर्धे भिंतीवर लावतो. मला तरी हे असे समजले: भट्टीवर जाण्याचे बळ मला क्षमेने दिले. गेलोच नसतो, तर मी क्षमा मागत होतो की फक्त सुटका, याचा मलाच संशय आहे.

गेलो तेव्हा काका विटा थापत होते. बाजूला बसलो आणि सांगून टाकले की कागद कचेरीत कधी दिलाच नव्हता, तो माझ्याकडून हरवला, आणि मी खोटे बोललो. त्यांनी साच्यातली वीट खाली उतरवली आणि म्हणाले, "माहीत आहे, सर."

गणपतीच्या सुमारास ते स्वतः तहसीलला गेले होते. एक दिवसाची मजुरी बुडवून. तिथल्या कारकुनाने रजिस्टर तपासून अशी फाइल आलेलीच नाही असे सांगितले होते. मी विचारले, "मग मला का नाही बोललात, काका?" ते म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही वाडीवर येणं बंद केलं असतं. धान्य, पोरांची पुस्तकं, सगळं तुमच्या हातात."

भाऊबहिणींनो, ज्याला मी आमचे प्रेमाचे नाते समजत होतो, त्यात त्या माणसाला मला खोटारडा म्हणायचीही मोकळीक नव्हती. काकू माती तुडवत होत्या. त्यांनी वर न बघता विचारले, "पोरीचं वरीस कोण देनार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढचे काम साधे आणि कंटाळवाणे होते. आजोबांची शाळा कधीच बंद झालेली. तिचे जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेच्या कपाटात सापडले, पण हवी ती पाने वाळवीने खाल्लेली. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, शोधायला अर्ज केला. जुनी पुस्तके मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले, त्यांनी दोन दिवस बसून नोंद काढून दिली. एकूण अकरा फेऱ्या झाल्या. ज्या कचेरीच्या नावावर मी माझे खोटे खपवले होते, तिथल्याच कारकुनाने अर्ज नीट भरून घेतला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला पावसाळ्यापूर्वी हातात आला. मुलगी एक वर्ष मागे राहून अकरावीत गेली. खर्च मी संस्थेवर टाकला नाही, आणि घडलेले सर्व विश्वस्तांपुढे मांडून इतिवृत्तात लिहून घेतले. पाचवा हिस्सा म्हणून काय द्यावे हे मला सुचले नाही. वर्षाचा पाचवा हिस्सा कसा मोजायचा?

आपल्याकडेही एक कबुली राहिली आहे. त्या काळातल्या माझ्या दोन अहवालांत, याच पानांवर, 'जातीच्या दाखल्यांचे काम प्रगतिपथावर आहे' असे छापून आले होते. या कुटुंबापुरते ते वाक्य खोटे होते. त्यावर विश्वास ठेवून तुम्ही देणगी आणि प्रार्थना दिली. मला क्षमा करा.

नवजीवन आले का? मोठे काही झाले नाही. भट्टीवरून परतल्यावर त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी प्रार्थना करताना आपण कोणाशी तरी बोलतो आहोत असे वाटले, एवढेच. फरक पडला तो वाडीवर. काकांनी गोष्ट लपवली नाही, मीही नाही, आणि माणसे माझ्या तोंडावर तक्रार करू लागली. तांदळाला किडे होते. शिकवणीला येणाऱ्या ताई मुलांवर ओरडतात. मी दिलेली एक तारीख मी पाळली नाही. पूर्वी मला वाटे, वाडीवर सगळे खूश आहेत.

आता आम्ही कोणाचाही मूळ कागद ठेवून घेत नाही. तिथल्या तिथे झेरॉक्स काढतो आणि घेतलेल्या प्रत्येक कागदाची पोच देतो. वाडीत वाचता येणाऱ्या दोन मुली त्या वहीवर लक्ष ठेवतात.

हा लेख पाठवण्यापूर्वी काकांना आणि काकूंना वाचून दाखवला. ते आपल्या मंडळीचे नाहीत, जक्कय कोण हे त्यांना समजावून सांगावे लागले. त्यांच्या सांगण्यावरून नावे आणि वाडी गाळली आहे. काकूंनी एक दुरुस्ती सुचवली: अकरा फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांना काका बरोबर होते आणि त्यांची मजुरी बुडाली, ते लिहा. लिहिले. त्या तीन दिवसांची मजुरी गेल्या आठवड्यात दिली.

प्रार्थनेसाठी विषय: मुलगी आता बारावीला आहे, जात पडताळणीचा अर्ज करायचा आहे. ती माझ्याशी अजून मोकळेपणाने बोलत नाही, तिच्यावर तशी घाई होऊ नये. आणि कार्यालय हलवतानाची दोन खोकी अजून न उघडता पडली आहेत. त्यांत आणखी कोणाचे काय आहे ते येत्या महिन्यात वाडीतल्या दोघांना समोर बसवून पाहणार आहोत.

आपला ख्रिस्तातील बंधू व सेवक