पावसाळी बूट : पाणी अडवावे की जाऊ द्यावे?

मृगाचे चार शिंतोडे पडले की आमच्या वर्गात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, यंदा पहिला ट्रेक कुठे? आणि दुसरा, स्वस्तात वॉटरप्रूफ बूट कुठे मिळतील? पहिल्या प्रश्नाला लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची अशी उत्तरे भराभर येतात. दुसऱ्याला मात्र जो तो आपल्या पायातल्या बुटाची जाहिरात करू लागतो. मी माणचा, म्हणजे एका अंगाला मुळशीचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती असलेल्या गावचा रहिवासी. त्यातून घर शेतकऱ्याचे, थोरला भाऊ चाकणच्या कारखान्यात आणि मला स्वतःला गड चढण्याचे वेड. त्यामुळे आमच्या पडवीत तीन तऱ्हेचे पावसाळी जोडे शेजारी शेजारी वाळत पडलेले असतात. त्यांच्याकडे पाहून जे उमगले आणि जे वाचून कळले, ते येथे सांगतो.

पहिला जोडा वडिलांचा, गमबूट. याच्यापेक्षा वॉटरप्रूफ वस्तू पायात घालायची दुसरी नाही. याचा इतिहासही रंजक आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती शोधली आणि 1844 साली तिचे पेटंट घेतले. पुढे हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने फ्रान्समध्ये जाऊन 1853 साली रबरी बुटांचा कारखाना काढला. तिथले शेतकरी तोवर लाकडी जोडे घालून चिखलात राबत असत. त्यांचे पाय प्रथमच कोरडे राहू लागले. आमच्याकडे भातलावणीला दिवसभर चिखलात उभे राहावे लागते, तेव्हा गमबुटाचे मोल कळते. पण हाच बूट घालून गड चढू पाहाल तर टाच आत वरखाली होते, घोट्याला आधार मिळत नाही, आणि तासाभरात पाय घामाने असा भिजतो की बाहेरचा पाऊस बरा म्हणावे. पाणी बाहेरून आत येत नाही हे खरे, पण आतलेही बाहेर जात नाही.

याच अडचणीवर विज्ञानाने काढलेला तोडगा म्हणजे आजचे महागडे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज. न चिकटणाऱ्या तव्याला ज्या टेफ्लॉनचा लेप असतो, तोच पदार्थ अमेरिकेच्या रॉबर्ट गोर याने 1969 साली तापवून एकदम झटक्याने ताणला. त्याचा अतिशय तलम पडदा तयार झाला. या पडद्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. पाण्याचा थेंब त्यांतून जाऊ शकत नाही, पण वाफेचे कण सहज जातात. गोर-टेक्स या नावाने तो पुढे जगभर गेला. बुटाच्या अस्तरात असा पडदा शिवला की पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते, अशी ही कल्पना आहे.

कल्पना उत्तम आहे, आणि युरोपच्या किंवा हिमालयाच्या थंड, कोरड्या हवेत ती कामही उत्तम करते. पण वाफ जाते ती दमट बाजूकडून कोरड्या बाजूकडे. आषाढात ताम्हिणी घाटात उभे राहिले तर हवाच पाण्याने गच्च भरलेली असते. मग आतली वाफ जाणार कुठे? शिवाय दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. आपल्याकडे पाणी बुटाच्या कातड्यातून शिरत नाही, ते वरून शिरते. गुडघ्यावरून ओघळणारा पाऊस मोज्यांतून खाली उतरतो. वाटेत ओढा लागतो, तो घोट्याच्या वर असतो. एकदा का असा बूट वरून भरला, की जो पडदा पाण्याला आत येऊ देत नव्हता, तोच आता त्याला बाहेर जाऊ देत नाही. पायात दोन तांबे बांधून चालल्यासारखे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तो बूट ओलाच असतो.

दाट पावसाच्या प्रदेशात लढणाऱ्या सैन्यांना हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांना जे जंगल बूट दिले होते, त्यांचा वरचा भाग कापडी होता आणि तळाजवळ आतल्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम भोके ठेवली होती. पाणी येणारच हे मान्य करून ते लवकर बाहेर कसे जाईल हे त्यांनी पाहिले. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांनी कापडी ‘हंटर’ शूज वर्षानुवर्षे वापरले, त्यांचेही मर्म हेच होते. स्वस्त, हलके, लवकर निथळणारे आणि चिखलात पकड घेणारे.

आता महत्त्वाचा मुद्दा. ओल्या पायाने माणूस मरत नाही, घसरल्याने मरतो. आपला दगड बेसॉल्टचा. शतकानुशतके पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, त्यावर पावसाळी शेवाळ आणि वरून वाहते पाणी. विसापूरच्या पायऱ्यांच्या वाटेने पावसात ओढाच खाली येत असतो. तिथे आमच्यातल्याच एकाचा पाय निसटला आणि मनगट मोडले. त्याच्या पायात भारी किमतीचे वॉटरप्रूफ बूट होते. मोजे बऱ्यापैकी कोरडे राहिले होते, पण तळ प्लास्टिकसारखा कडक होता.

बुटाचा तळ किती मोलाचा असतो हे इटलीच्या व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाला फार मोठी किंमत देऊन कळले. 1935 साली आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार दगावले. वादळाने त्यांना गाठले होते आणि त्यांच्या पायांतील जोडे त्या हवामानाला अपुरे होते. ब्रामानीने ध्यास घेतला आणि टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने 1937 साली खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘विब्रम’ हे नाव झाले. 1954 साली इटालियन पथकाने के-टू शिखर प्रथम सर केले, तेव्हा त्यांच्या बुटांना हाच तळ होता. आज बाजारातल्या साध्यात साध्या ट्रेकिंग शूजच्या तळावर दिसणाऱ्या खाचा हे त्याच शोधाचे वंशज आहेत.

तेव्हा दुकानात गेल्यावर बूट आधी उलटा करून पाहावा. खाचा खोल आणि मोकळ्या हव्यात, म्हणजे चिखल त्यांत अडकून बसत नाही. टाचेची पुढची कड स्पष्ट, पायरीसारखी हवी. उतारावर तीच ब्रेकचे काम करते. मग तळात अंगठ्याचे नख दाबावे. किंचित दबले तर रबर मऊ आहे, ओल्या दगडाला धरील. नख नुसतेच सरकले आणि तळ चकाकत असेल तर तो जोडा लग्नाच्या वरातीला ठेवावा. दुकानदार भला असेल तर बाहेरच्या फरशीवर थोडे पाणी ओतून, बूट घालून उभे राहून पाहावे. मात्र हिरव्या शेवाळावर जगातले कोणतेही रबर पूर्ण भरवशाचे नाही, हे ध्यानात असू द्यावे.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला घालायचे तेच जाड मोजे घालून माप पाहावे. नाडी बांधून जिन्यावरून उतरताना अंगठा पुढे आपटता कामा नये. बूट वाकवला तर चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. तळ नुसता चिकटवलेला असेल तर पहिल्या पावसाआधीच चर्मकाराकडून कडेने शिवून घ्यावा. थोडक्या पैशात जोड्याचे आयुष्य वाढते.

आता पडवीतला तिसरा जोडा, दादाचा सेफ्टी शूज. आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात घरटी एक तरी असा जोडा असतो, त्यामुळे ‘फुकटात मिळतोय, हाच घालू’ असे अनेकांच्या मनात येते. कारखान्यात हा बूट पायाचा रक्षणकर्ता आहे. जड वस्तू पडली तरी आतली पोलादी वाटी बोटे वाचवते. पण तीच वाटी गड उतरताना बोटांवर आपटत राहते आणि नखे काळीनिळी होतात. त्याचा तळ सपाट फरशीसाठी घडवलेला असतो, खडकासाठी नव्हे. दुसरे असे की, अशा पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून कुजत जातो. मग जुना जोडा दिसायला धड असतो आणि अर्ध्या वाटेत तळ भाकरीसारखा तुटून हातात येतो. जुन्या बाजारातून वापरलेले बूट घेणाऱ्यांनी तर हे अवश्य तपासावे.

आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या सूचनाफलकावर गेल्या वर्षी ‘वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज आवश्यक’ अशी ओळ होती. ती वाचून माझ्या वर्गातल्या तिघांनी नावे मागे घेतली. कारण विचारले तर अभ्यास म्हणाले. खरे कारण मला ठाऊक होते. चार-पाच हजारांचा जोडा घेणे हे ज्याच्या घरी महिन्याचा किराणा मोजून भरला जातो, त्याला परवडणारे नाही. आणि गंमत अशी की, ज्या गुणासाठी हे पैसे मोजायचे, त्याचा सह्याद्रीच्या पावसात फारसा उपयोगच नाही. त्या ओळीत ‘वॉटरप्रूफ’ऐवजी ‘चांगली पकड असलेले’ एवढे दोन-तीन शब्द घातले, तर हजार-दीड हजाराच्या आतबाहेरच्या साध्या जोड्यानेही काम भागते आणि तिघेही आपल्याबरोबर येतात. पुढे हिमालयात बर्फात जायचा योग आला, तर तिथे पाय कोरडा राहणे हा जिवाचा प्रश्न असतो. तेव्हा वॉटरप्रूफ बूट जरूर घ्यावेत; मनालीसारख्या ठिकाणी ते भाड्यानेही मिळतात.

राहता राहिला ओल्या पायांचा प्रश्न. त्याचा इलाज बुटात नसून पिशवीत आहे. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे वापरावेत. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि मुक्कामावर पोहोचताच बदलावा. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात, म्हणजे चिखल्या होत नाहीत. घरी आल्यावर बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि सावलीत वाळवावेत. चुलीजवळ ठेवले तर डिंक सुटतो आणि तळ उकलतो.

इतके सारे करूनही ओढा भरून वाहत असेल तर काठावर थांबावे. तिथे बूट कोणता आहे हे पाणी विचारत नाही. मागे फिरणाऱ्याला गड पुढच्या रविवारीही तिथेच भेटतो.