दाताची कीड : साखरेचा डिंक करणारा जंतू

'पोराच्या दाताला कीड लागली' असे आपण सहज बोलून जातो. या शब्दामुळे दातात खरोखरच अळी शिरते, असा अनेकांचा समज आहे. धुरी देऊन दातातील अळ्या काढून दाखवतो म्हणणारे भोंदू याच समजावर पैसे कमावतात. किडलेल्या दातात अळी नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. त्यांतील एक प्रमुख जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. 1924 मध्ये इंग्लंडमधील क्लार्क या संशोधकाने तो किडलेल्या दातांतून शोधून काढला.

हा जंतू कितीतरी माणसांच्या तोंडात असतो. मग तो घातक कधी होतो? त्याचे उत्तर त्याच्या जनुकांत आहे. जनुक म्हणजे जंतूच्या शरीरातील लेखी सूचना. ती वाचून जंतू आपल्या कामाची प्रथिने तयार करतो. या जंतूकडे जीटीएफ-बी, जीटीएफ-सी आणि जीटीएफ-डी अशी तीन जनुके आहेत. त्यांच्यापासून बनणारी विकरे आपल्या रोजच्या साखरेचे दोन तुकडे करतात. त्यांतील ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनतात. हाच दाताला बसणारा चिकट डिंक. जीटीएफ-बी जनुकामुळे होणारा डिंक तर पाण्यात विरघळतही नाही, म्हणून नुसती चूळ भरून तो निघत नाही.

या डिंकात जंतू घर करतात, साखर खातात आणि आम्ल सोडतात. डिंकाच्या थरामुळे लाळ आतपर्यंत नीट पोहोचत नाही आणि आम्ल दाताला लागूनच राहते. त्याने दाताचे कठीण कवच झिजते आणि खड्डा पडतो. प्रयोगशाळेत ही जनुके निकामी केलेले जंतू उंदरांच्या तोंडात सोडले, तेव्हा साखरेचा आहार देऊनही त्यांचे दात मूळ जंतूच्या मानाने बरेच कमी किडले. म्हणजे या जंतूचे मोठे हत्यार आपण दिलेल्या साखरेतूनच घडते.

यातून घरासाठी काय शिकायचे? गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे. गोड खाल्ल्यावर तयार झालेले आम्ल शमवायला लाळेला साधारण अर्धा ते एक तास लागतो. जेवणासोबत एक लाडू खाल्ला तर दाताला सावरायला वेळ मिळतो. पण सकाळी चहा-बिस्किट, मग गोळी, दुपारी पुन्हा चहा, संध्याकाळी क्रीमचे बिस्किट, असे चालले तर तो वेळ मिळतच नाही. गूळही सुरक्षित नाही, कारण त्यातही मुख्यतः हीच साखर असते.

झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. हा जंतू लाळेतून मोठ्यांकडून बाळाकडे जातो, त्यामुळे आपला उष्टा चमचा बाळाच्या तोंडात घालू नये. घरातील मोठ्यांनीही आपले किडलेले दात वेळेवर दाखवावेत.

रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रशने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मिसरीने कीड थांबत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

'दुधाचे दात आहेत, पडणारच' म्हणून दुर्लक्ष करू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या किडल्या की मुलाला जेवता येत नाही, झोप लागत नाही, शाळा बुडते. पांढरा किंवा तपकिरी डाग दिसताच दाखवले तर थोडक्यात निभावते. दात ठणकू लागला, गालावर सूज किंवा ताप आला तर मात्र एक दिवसही थांबू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. इतर ठिकाणी सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांची चौकशी करावी. धुरीवाल्याला द्यायचे पैसे वाचवा आणि मुलाला तिथे घेऊन जा, एवढेच आमचे सांगणे आहे.