विश्लेषण : सायकलसाठी वेळ काढायचा, पण कुणाच्या वाट्याचा?

पावसाळा सरून हवेत गारवा आला, की पुणे, मुंबई, नाशिकच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटे दिवे लावलेल्या सायकली दिसू लागतात. नोव्हेंबरपासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नवा हंगाम सुरू होतो आणि अनेक घरांत एक जुना वादही नव्याने डोके वर काढतो. ‘आठवड्यात रविवार एकच मिळतो, तोही सायकलला दिला,’ ही घरच्यांची तक्रार असते. ‘आठवडाभर राबतो, चार तास स्वत:साठी नकोत का,’ हा सायकलस्वाराचा सवाल असतो. नोकरी, घर आणि सायकल यांचा मेळ बसतो का? बसत असेल तर कसा?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगला किती वेळ लागतो?

या हौशी सायकलस्वारांमध्ये ‘बीआरएम’ हा प्रकार लोकप्रिय आहे. फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ या संस्थेच्या नियमांनुसार या मोहिमा जगभर होतात. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स’ ही संस्था त्यांचे काम पाहते. ही शर्यत नसते, त्यामुळे पहिला-दुसरा क्रमांक काढला जात नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचे, एवढेच. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. शनिवारी सकाळी सहाला निघालेल्या ६०० च्या स्वाराची मुदत रविवारी रात्री दहाला संपते, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले. एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. या चार मोहिमांच्या मुदतीची बेरीजच १०० तासांवर जाते. सराव आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा यांचा हिशेब वेगळाच.

तब्येतीसाठी एवढे करावे लागते का?

मुळीच नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूचना सांगते. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी हवा, ही जुनी अटही त्या वेळी वगळण्यात आली. त्यामुळे भाजी आणायला सायकलवर जाणेही हिशेबात धरता येते. रविवारची लांब फेरी आवडीसाठी असते, तब्येतीसाठी तिची सक्ती नाही. हा फरक सायकलस्वाराने स्वत:शी मान्य केला, तर घरातला निम्मा वाद मिटतो. ‘तब्येतीसाठी जातो’ हे कारण घरच्यांना फार काळ पटत नाही. ‘मला आवडते म्हणून जातो’ हे निदान खरे असते.

लोकांच्या समजुतींत तथ्य किती?

‘गुडघे झिजतील’ हा सर्वांत जुना इशारा. प्रत्यक्षात सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे धावण्याच्या तुलनेत गुडघ्यांना हादरे कमी बसतात. दुखणे उद्भवते ते बहुधा सीटची उंची चुकल्याने किंवा जड गिअर रेटल्याने. सीट फार खाली असली, की गुडघ्यावर जास्त ताण येतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ त्रास टळतो.

दुसरी समजूत प्रतिष्ठेची. कार्यालयात सायकलवर आलेल्याला ‘गाडी बिघडली का’ असे विचारले जाते आणि महागडी सायकल घेतली, तर ‘एवढ्यात बाइक आली असती’ हे ऐकावे लागते. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. चार महिने सायकल रोज दिसली, की प्रश्न आपोआप थांबतात.

रस्त्याच्या धोक्याची भीती मात्र गैरसमज म्हणून उडवून लावता येणार नाही. खड्डे, उलट दिशेने येणारी वाहने आणि पहाटेचा अंधार हे सगळे खरे आहे. पुढे-मागे दिवे, परावर्तक जाकीट, हेल्मेट, ठरलेला मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगणे हेच त्यावरचे उत्तर. आईची काळजी ‘काही होत नाही’ या शब्दांनी कमी होत नाही. ‘साडेआठला खडकवासल्याहून फोन करतो’ म्हटल्याने आणि तो फोन खरेच केल्याने होते.

मग वेळ येतो कुठून?

त्याच्या वाटा तीनच. पहिली झोपेची, आणि ती सर्वांत वाईट. रात्री बारापर्यंत काम करून पहाटे चारला निघालेला स्वार रस्त्यावर स्वत:ला आणि इतरांना धोका असतो. दुसरी प्रवासाची. कार्यालय आठ किलोमीटरवर असेल, तर ताशी १६ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने अर्धा तास लागतो. जाऊन-येऊन एक तास, म्हणजे पाच दिवसांत ३०० मिनिटे. हे अंतर गर्दीच्या वेळी दुचाकीने कापायला २५ मिनिटे लागत असतील, तर सायकलसाठी जादा वेळ एका फेरीला पाचच मिनिटे जातो. घराच्या वाट्याला हात न लावणारी ही वाट आहे, मात्र रस्ता आणि अंतर दोन्ही सोयीचे हवेत. तिसरी वाट घरच्या वेळेची. रविवारची फेरी बहुतेक वेळा याच खात्यातून खर्च होते आणि भांडणाचे मूळही तिथेच असते.

हा खर्च कोण भरतो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे नवरा पहाटे पाचला सायकल घेऊन निघतो, तेव्हा मुलांचे उठणे, नाश्ता, सासऱ्यांची औषधे हे सगळे कुणीतरी सांभाळत असते. ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा ठरलेले असते. घरच्यांचा विरोध अनेकदा सायकलला नसतोच, या न मोजलेल्या कामाला असतो. त्याला ‘यांना सायकलिंग कळत नाही’ म्हणणे हा सायकलस्वाराचाच गैरसमज. सायकल चालवू पाहणाऱ्या स्त्रीची अडचण तर दुहेरी. तिला आधी कामांतून सुटका मिळवावी लागते आणि मग ‘घर टाकून कुठे निघालीस’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्याची भीती आणखी वेगळी.

तोडगा काय?

पहिला, रविवार आळीपाळीने वाटून घेणे. एका रविवारी एकाने बाहेर पडायचे, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याने. जोडीदाराला सायकल नको असेल, तर ते तास हवे तसे घालवायचे. घरी राहणाऱ्याने ‘मदत’ करायची नाही, तर त्या दिवशीचे घर पूर्ण सांभाळायचे. दुसरा, हंगामाच्या सुरुवातीलाच लग्नकार्ये, परीक्षा आणि सणवार दिनदर्शिकेवर लिहून मगच मोहिमेची नोंदणी करणे. चारही अंतरे याच वर्षी व्हायला हवीत असे नाही. एखाद्या हंगामात २०० ची एकच मोहीम झाली, तरी बिघडत नाही. तिसरा, परतण्याची वेळ पाळणे. नऊला येतो म्हणून अकराला आलेला स्वार पुढच्या रविवारची परवानगी घालवून बसतो. घाटात पंक्चर होऊ शकते, हे गृहीत धरून साडेनऊच सांगावेत आणि नऊलाच दार वाजवावे.