गुरूच्या कार्याचे वारसदार : अग्निवेश, चरक आणि दृढबल

चरकसंहिता आपण सर्वजण एकाच नावाने ओळखतो. चिकित्सेची चर्चा निघाली की 'चरक असे म्हणतो' हे शब्द सहजपणे तोंडी येतात. वास्तविक या ग्रंथातील उपदेश भगवान पुनर्वसु आत्रेयांचा, तंत्ररचना अग्निवेशाची, प्रतिसंस्कार चरकाचा आणि पूर्ती दृढबलाची आहे. एक गुरू आणि त्याच्या कार्याचे भिन्न काळातील तीन वारसदार, अशी या ग्रंथाची घडण आहे. आपल्यापैकी प्रत्येक वैद्य कोणाचा तरी शिष्य आहे आणि बहुतेकांकडे गुरूची एखादी वही, काही योग, काही हातोटी आलेली आहे. म्हणून या तिघांनी गुरुकार्याचे नेमके काय केले, हे समजून घेण्यास केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे मला वाटत नाही.

सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आत्रेयांच्या सहा शिष्यांची नावे येतात : अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी. ग्रंथकार तेथेच सांगतो की गुरूच्या उपदेशात कोणासाठीही वेगळेपण नव्हते. बुद्धीच्या विशेषामुळे अग्निवेश प्रथम तंत्रकर्ता झाला. पुढे भेलादि शिष्यांनीही आपापली तंत्रे रचली व ती ऋषिसमुदायासमोर आत्रेयांना ऐकविली. ऋषींनी ती यथार्थ ठरवून अनुमोदन दिले आणि मगच ती लोकांत प्रतिष्ठित झाली. ही गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो. पण तिच्यात एक कार्यपद्धती आहे. शिष्याने ऐकले, लिहिले, आणि लिहिलेले गुरूसमोर व जाणकारांसमोर वाचून दाखविले. 'गुरूंनी मला एकट्याला सांगितले होते' या आधारावर काहीही पुढे गेले नाही.

सहा तंत्रांपैकी आज काय उरले? जतूकर्ण, पराशर आणि क्षारपाणी यांची वचने टीकाकारांनी उद्धृत केली तेवढीच आपल्याला भेटतात. हारीताच्या नावाने आज जी संहिता छापलेली मिळते, ती अभ्यासकांच्या मते बरीच उत्तरकालीन आहे. भेलसंहिता तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एकमेव हस्तलिखितावरून आपल्यापर्यंत पोहोचली. कलकत्ता विद्यापीठाने ती १९२१ साली प्रसिद्ध केली. हस्तलिखितच खंडित असल्याने ग्रंथही खंडित आहे. तरीही त्यात तीच आठ स्थाने आहेत, त्याच नावांची. गुरू एक असल्याची ही खूण होय. गंमत अशी की, याच भेलाने मनाचे स्थान शिर आणि तालू यांच्यामध्ये सांगितले आहे, तर चरकसंहितेचा भर हृदयावर आहे. एकाच गुरूपाशी बसलेल्या दोन शिष्यांच्या ग्रंथांत एवढा फरक राहू शकतो, आणि तो राहिला म्हणून कोणाचे शिष्यत्व रद्द झाले नाही. भेलाच्या ग्रंथाला नंतर चरक मिळाला नाही, दृढबल मिळाला नाही. त्याची परंपरा एका पोथीच्या आयुष्यावर अवलंबून राहिली.

अग्निवेशाकडे वळू. बुद्धीचा विशेष म्हणजे काय, हे ग्रंथात प्रत्यक्ष दिसते : अग्निवेश प्रश्न विचारतो. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय पाहा. संशोधन देण्यापूर्वी वैद्याने सर्व साहित्य, त्यात व्यापदांवरील औषधेही, आधीच जमवून ठेवावीत असे आत्रेय सांगतात. त्यावर अग्निवेश सरळ आक्षेप घेतो : ज्ञानी वैद्याने विचारपूर्वक दिलेले औषध जर सिद्धीस जाणारच असेल, तर व्यापदांच्या औषधांचा साठा कशासाठी? आणि ज्ञान असूनही सिद्धी व असिद्धी दोन्ही संभवत असतील, तर ज्ञान व अज्ञान यांत फरक तो काय? गुरूला अडचणीत टाकणारा हा प्रश्न आहे. आत्रेय रागावत नाहीत. ते म्हणतात की आम्ही किंवा आमच्यासारखे तसे अचूक औषध देऊ शकतील. पण दोष, भेषज, देश, काल, बल, शरीर, आहार, सात्म्य, सत्त्व, प्रकृती, वय यांच्या अवस्था इतक्या सूक्ष्म आहेत की निर्मळ व विपुल बुद्धीचा मनुष्यही त्यांचा विचार करताना गोंधळून जाईल, मग अल्पबुद्धीचे काय? म्हणून सम्यक् प्रयोग आणि व्यापदांचा उपाय हे दोन्ही ते शिकवितात.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी हा अध्याय साठ्याच्या दृष्टीने अवश्य वाचावा. मला त्यात दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. अग्निवेशाने तो प्रश्न गिळून टाकला असता, तर आत्रेयांचे हे उत्तर जन्मालाच आले नसते. आणि आपला आक्षेप व गुरूचे उत्तर या दोन्ही गोष्टी त्याने ग्रंथात ठेवल्या. केवळ निष्कर्ष ठेवला नाही.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाची सुरुवातही अशीच आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगेच्या काठच्या वनात शिष्यांसह फिरताना आत्रेय अग्निवेशाला सांगतात की ग्रह, नक्षत्रे, वायू यांत विकृती दिसत आहे. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी उपटून ठेवा, कारण नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक, प्रभाव नष्ट होतील आणि मग जनपदाला वाचविण्यास काही उरणार नाही. हे शिक्षण वर्गात झालेले नाही. चालता चालता, ऋतू पाहत, वनस्पती समोर असताना झालेले आहे. द्रव्यगुणाचा पेपर उत्तीर्ण होऊनही बाजारात गेल्यावर आपली जी तारांबळ उडते, तिचे कारण येथे सापडते.

आता चरक. त्याने स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. अध्यायांच्या समाप्तिवाक्यांत तंत्र अग्निवेशाचे आणि प्रतिसंस्कार चरकाचा असा निर्देश येतो, तेवढीच त्याची ओळख. पण प्रतिसंस्कर्ता काय करतो याची व्याख्या ग्रंथाच्या शेवटी दृढबलाने दिली आहे : जे संक्षिप्त असेल ते तो विस्ताराने मांडतो, जे फार पसरलेले असेल ते आटोपशीर करतो, आणि जुने तंत्र पुन्हा नवे करतो. येथे 'नवे' याचा अर्थ 'वेगळे' असा नाही. जुन्या तंत्राची भाषा, क्रम, उदाहरणे वाचकाच्या काळाला दुर्बोध झाली की ते कपाटात बंद होते. ते पुन्हा हातात यावे यासाठीचा हा संस्कार आहे. ज्याने आपले नाव गुरुपरंपरेतील पूर्वसूरीच्या नावानंतर ठेवले, त्याच्याच नावाने पुढे ग्रंथ ओळखला जाऊ लागला, हा काळाचा न्याय म्हणावा की अन्याय, हे वाचकांनीच ठरवावे.

तिघांत मला सर्वाधिक जवळचा वाटतो तो दृढबल. कपिलबलाचा पुत्र, पंचनदपुराचा रहिवासी. त्याच्या काळी, म्हणजे सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानले जाते तेव्हा, चरकाने संस्कारित केलेल्या तंत्राचा मोठा भाग उपलब्ध नव्हता. चिकित्सास्थानातील ३० पैकी १७ अध्याय, कल्पस्थानाचे १२ आणि सिद्धिस्थानाचे १२ असे एकूण ४१ अध्याय त्याने पूर्ण केले. संपूर्ण ग्रंथ १२० अध्यायांचा; म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्याच्या हातचा आहे. आपण वमन-विरेचनाचे कल्प, बस्तीच्या सिद्धी, व्यापदांची चिकित्सा म्हणून जे रोज वापरतो, ते दृढबलामुळे आपल्या हाती आहे. पंचकर्म केंद्रांच्या पाट्यांवर चरकाचे नाव असते, दृढबलाचे मी अद्याप पाहिलेले नाही.

त्याच्या कामात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे त्याने साधने सांगितली. अनेक तंत्रांतून शिलोञ्छ वृत्तीने वेचून ही पूर्ती केली असे तो म्हणतो. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसे आणि दाणे वेचणे म्हणजे शिलोञ्छ. स्वतःच्या कल्पनेने भर घातली असे नव्हे, तर इतरांच्या शेतातले दाणे जमविले, असा त्याचा नम्र दावा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने मोजून सांगितले : इतके अध्याय मिळाले नाहीत, तितके मी भरले. सुश्रुतसंहितेशी तुलना केली की याचे मोल कळते. सुश्रुताचा प्रतिसंस्कर्ता नागार्जुन होता हे आपल्याला टीकाकार डल्हणाकडून कळते. मूळ ग्रंथ त्याबाबत मौन बाळगतो आणि उत्तरतंत्र कोणाचे यावर आजही वाद चालतो.

अर्थात दृढबलालाही वादातून सुटका नाही. चिकित्सास्थानातील ते १७ अध्याय नेमके कोणते, यावर मतभेद आहेत, कारण निरनिराळ्या पाठांत अध्यायांचा क्रम एक नाही. चक्रपाणिदत्तांनी पहिले आठ अध्याय आणि अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पाच, असे तेरा चरकाचे मानले व उरलेले सतरा दृढबलाचे. संख्या लिहून ठेवली, यादी लिहिली नाही, एवढ्यानेच पुढील पंडितांना शतकानुशतके काम पुरले.

हे चक्रपाणिदत्त अकराव्या शतकातील. आपली आयुर्वेददीपिका ही टीका गुरू नरदत्तांनी दाखविलेल्या अर्थाला अनुसरते, असे ते आरंभीच सांगतात. नरदत्तांचा ग्रंथ आपल्यासमोर नाही. त्यांचे नाव शिष्याच्या एका उल्लेखाने जिवंत राहिले. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये कविराज गंगाधर राय (१७९८–१८८५) यांनी चरकावर जल्पकल्पतरू टीका लिहिली. त्यांचे शिष्य हाराणचंद्र चक्रवर्ती सुश्रुताकडे वळले व त्यांनी त्यावर टीका रचली. दुसरे शिष्य द्वारकानाथ सेन यांचे पुत्र योगींद्रनाथ सेन यांनी पुन्हा चरकावर चरकोपस्कार लिहिला. आपल्या मुंबईत यादवजी त्रिकमजी आचार्य (१८८१–१९५६) यांनी जुन्या पोथ्या ताडून चरक व सुश्रुत सटीक संपादित केले आणि ते निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाले. आज आपल्या टेबलावर चक्रपाणींसह चरक असतो तो बहुधा याच संपादनाचा. यादवजींना मी दृढबलाच्या पंक्तीत बसवितो. पाठभेद तळटीपेत देणे हाही शिलोञ्छच आहे.

आता आपल्या घरातील परंपरेविषयी थोडे. राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची स्थापना १९८८ साली झाली व गुरु-शिष्य पद्धतीचे अभ्यासक्रम तेथे सुरू झाले, ही चांगली गोष्ट. तथापि त्यांचा लाभ मोजक्यांनाच मिळतो. बाकी सर्व वारसा वह्यांतून चालतो. वहीत सामान्यतः घटक आणि प्रमाण असते. अनुपान कधी असते, कधी नसते. अवस्था क्वचितच असते. द्रव्याची ओळख तर गृहीतच धरलेली असते. गुरूने 'रास्ना' लिहिले. ते उत्तरेकडे शिकलेले असतील तर त्यांच्या मनात प्लुचिया लान्सिओलाटा असेल, केरळात शिकलेले असतील तर अल्पिनिया गलांगा. शंखपुष्पीची तीच कथा : कोणी कॉन्व्हॉल्व्हुलस घेतो, कोणी इव्हॉल्व्हुलस, केरळात क्लिटोरिया म्हणजे आपली गोकर्णी. शब्द एक, औषध तीन.

फार्मसी चालविणाऱ्यांसाठी यात कायद्याचाही पदर आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत असलेला योग शास्त्रोक्त म्हणून करता येतो. गुरूच्या वहीतला योग त्या ग्रंथांत नसेल, तर बाजारासाठी तो प्रोप्रायटरी म्हणूनच परवाना घेऊन करावा लागतो व घटक लेबलावर द्यावे लागतात. स्वतःच्या रुग्णांसाठीच औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना २००० साली आलेल्या शेड्यूल 'टी' मधील निर्मितिनियमांतून सूट आहे, आणि बहुतेक वह्या या सवलतीच्या आश्रयाने टिकल्या आहेत. परंतु लेबल घटक सांगते, वैद्याचा हात सांगत नाही.

माझ्या परिचयातील एका जुन्या औषधालयात संस्थापक वैद्यांची वही आजही कपाटात आहे. एका गुग्गुळ कल्पाच्या नोंदीत सर्व द्रव्ये तोळ्यांत दिली आहेत आणि पुढे 'गुग्गुळ नेहमीप्रमाणे शुद्ध करून' असे लिहिले आहे. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे त्रिफळाक्वाथात, गोमूत्रात की दुधात, हे त्यांच्याजवळ बसणाऱ्या दोघा शिष्यांना ठाऊक होते. त्यांनी ते लिहिले नाही, कारण रोज डोळ्यांसमोर घडत होते. आज दोघेही नाहीत. नातू त्रिफळाक्वाथ वापरतो. त्याने वहीच्या डाव्या पानावर तारीख घालून आपली सही केली आहे व 'शोधन त्रिफळाक्वाथात, माझा निर्णय' असे लिहिले आहे. उजव्या पानावरील आजोबांच्या अक्षराला हात लावलेला नाही.