आकाशकंदिलाचा सांगाडा डुलतो, तेव्हा नेमकं काय होतं?

बसमध्ये, लोकलमध्ये किंवा घरी भांडी घासताना कानात इअरफोन घालून बसलेल्या सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले मधले "अं... म्हणजे" तेवढे कापलेत.

आजचा विषय आहे घरी केलेला आकाशकंदील. आपला जुना, चौकोन-त्रिकोणांचा, खाली झिरमिळ्या असलेला. करायला सोपा आहे, पण बरेच जण एका ठरावीक ठिकाणी हात टेकतात. मीही टेकले होते. ते ठिकाण ओलांडायचं कसं, एवढंच आज सांगायचंय.

आमच्याकडे कंदील बाबा करायचे. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, त्यामुळे हात एकदम नेमका. दरवर्षी माळ्यावरून तोच सांगाडा खाली यायचा, जुना कागद फाडायचा, नवा चिकटवायचा. माझं काम फक्त झिरमिळ्या कापणं. गेल्या दिवाळीला घरी गेले, सांगाडा काढला, तर फरशीवर पिठासारखी भुकटी सांडली. बांबूला कीड लागलेली. मी म्हटलं, "बाबा, नवीन करू या." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. दोन वर्षं झाली, त्यांच्या हाताला कंप सुटलाय. म्हणाले, "यंदा विकतचाच आण गं."

विकतचा आणण्यात काही वाईट नाही. पण ते ज्या आवाजात म्हणाले ना, ते मला पटलं नाही. म्हटलं, तुम्ही खुर्चीवर बसा, मी करते.

सामान काय लागतं?

बांबूच्या कामट्या. गावात बुरूड असेल तर त्याच्याकडे मिळतात. शहरात नसेल तर कबाबला वापरतात त्या बांबूच्या लांब काड्या घ्या, ३० सेंटिमीटरवाल्या. त्यातून २२ सेंटिमीटरच्या २४ काड्या कापायच्या. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटर आत पेनाने खूण करा. गाठ त्या खुणेवर येईल, म्हणजे दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे बरोबर २० राहील. शिवाय न कापलेल्या, ३० सेंटिमीटरच्याच दोन काड्या बाजूला ठेवा. त्यांचं काम नंतर आहे.

सोबत पांढरा सुती दोरा, फेव्हिकॉल, दोन रंगांचे पतंगी कागद आणि खळ. खळ म्हणजे दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत शिजवायचा. पांढरा रंग जाऊन किंचित पारदर्शक झाला की उतरवा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, घरात लहान मुलं, मांजर असेल तर अजिबात नको.

बांधायचं कसं?

आधी चार-चार काड्यांचे चार चौकोन बांधा. १६ काड्या संपल्या. आता हे चौकोन टोकावर उभे करा, पत्त्यांमधल्या चौकटसारखे. शेजारच्या दोन चौकोनांची आडवी टोकं एकमेकांना बांधत चारांचं एक कडं करा. मग वरच्या चार टोकांना जोडणाऱ्या चार काड्या, खालच्या चार टोकांना जोडणाऱ्या चार काड्या. झाल्या २४. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब.

आता मोजून बघा. चौकोन ६: बाजूचे चार, वरचा एक, खालचा एक. त्रिकोण ८. कोपरे १२, आणि प्रत्येक कोपऱ्यात बरोबर चार काड्या. तुमचं असं आलं नाही, तर कुठेतरी एक काडी चुकलीय. भूमितीत या आकाराला क्यूबोक्टाहेड्रॉन म्हणतात. २० सेंटिमीटरच्या काडीपासून साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि सगळ्यात रुंद जागी ४० सेंटिमीटरचा कंदील होतो.

आणि इथे सगळं बिघडतं. असं वाटतं, म्हणजे.

सांगाडा उचलला की तो डुलतो. डुलतो म्हणजे काय, एका बाजूला मुरगळतो, चौकोनांचे पतंग होतात, अख्खा कंदील हातात बसकण मारतो. मी दीड तास घालवलेला. गाठी परत आवळल्या, अजून फेव्हिकॉल ओतला. काही फरक नाही. शेवटी वैतागून म्हटलं, "बाबा, हे माझ्याच्यानं नाही होणार."

बाबा शांतपणे म्हणाले, "डुलू दे. कागद लागला की गप बसेल. आणि त्या दोन लांब काड्या कुठायत? त्या बांधल्यास का?"

मला वाटत होतं की वरची आडवी काडी फक्त बल्ब टांगायला असते. ते म्हणाले, वर एक, खाली एक, दोन्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात. बांधल्या. सांगाडा निम्मा शिम्मा तरी ताठ झाला. आणि माझ्या डोक्यात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष एकदम जागं झालं.

दोन मिनिटं गणित. पळू नका.

चौकोन आणि त्रिकोणात एक मोठा फरक आहे. तीन काड्यांचा त्रिकोण बांधलात की तो हलत नाही. काडी तुटेल, पण आकार बदलणार नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र गाठीवर फिरतो आणि तिरका होतो. गाठ कितीही घट्ट असू दे.

जेम्स क्लर्क मॅक्सवेल, तेच ते विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांवाले, त्यांनी १८६४ मध्ये अशा सांगाड्यांसाठी एक साधा हिशोब मांडला. प्रत्येक कोपरा तीन दिशांना हलू शकतो. आपले कोपरे १२, म्हणजे १२ गुणिले ३, ३६. त्यातून ६ वजा करा, कारण अख्खा कंदील उचलून इकडेतिकडे नेला किंवा फिरवला तर ते काही डुलणं नाही. उरले ३०. म्हणजे कंदील ताठ उभा राहायला निदान ३० काड्या हव्यात. आपल्याकडे आहेत २४.

सहा काड्या कमी. आणि चौकोन किती? सहा! प्रत्येक चौकोनाला एक तिरकी काडी दिली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि हिशोब पुरा होतो.

म्हणजे सांगाडा डुलत होता, त्यात माझ्या गाठींचा दोषच नव्हता. तो आकारच तसा आहे. अमेरिकेचे बकमिन्स्टर फुलर यांना याच आकाराचं हे मुरगळत मिटणं इतकं आवडलं, की त्यांनी त्याला एका नाचाचं नाव दिलं, जिटरबग.

आता बाबांचं वाक्य परत ऐका. वर आणि खाली तिरक्या काड्या, म्हणजे दोन चौकोन सुटले. राहिलेल्या चार बाजूंना कागद. ताणून चिकटवलेला कागद चौकोनाला तिरकं होऊ देत नाही, कारण तिरकं व्हायचं तर एक कर्ण लांब व्हायला लागतो आणि कागद तर ताणला जात नाही. म्हणजे कागद नुसता सजावटीचा नाही. तो चार काड्यांचं काम करतो.

म्हणून कागद असा लावा

बाजूच्या चौकोनांसाठी २२ सेंटिमीटरचे चौकोनी कागद कापा, म्हणजे कडेला दुमडायला १ सेंटिमीटर मिळतो. आधी समोरासमोरचे दोन लावा, मग उरलेले दोन. सांगाडा टेबलावर सरळ बसवा, चौकोनाचे दोन्ही कर्ण पट्टीने मोजा. सारखे भरले की मगच चिकटवा. वाकडं असताना कागद लावलात तर कंदील कायमचा वाकडा होईल. खळ फक्त काडीला आणि कडेला, मधे नको. ओला कागद जरा सैल पडतो, घाबरू नका, वाळला की ताणून बसतो. पाणी जास्त झालं तर पतंगी कागदाचा रंग सुटतो, तेवढं सांभाळा. त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचा कागद, ते फक्त शोभेसाठी. शेवटी खालच्या कडेला झिरमिळ्या.

वरचा चौकोन मोकळाच ठेवा, उष्णता तिथून बाहेर जाते. बल्ब ५ वॉटचा एलईडी पुरे, तो कागदाला टेकता कामा नये. आत पणती किंवा मेणबत्ती कधीही नको, पतंगी कागद भुर्रकन पेटतो. आणि कंदील वायरवर लटकवू नका. वजन दोरीवर, वायर सैल. परतीचा पाऊस आला तर आधी बटण बंद, मग कंदील आत.

दिवाळी झाली की कागद फाडा, सांगाडा उन्हात वाळवा, कोरड्या जागी ठेवा. नाहीतर आमच्यासारखी भुकटी व्हायची.

शेवटचं एक सांगते. मी कागद कापत होते, तर बाबा खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसले. खळीची वाटी स्वतःकडे ओढली, बोटावर खळ घेतली आणि कडेला लावायला लागले. बोट थरथरत होतं, खळ इकडेतिकडे लागत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गाठ मारता येत नाही आता. खळ लावायला हात कापला तरी चालतो."

चारही कागद त्यांनीच लावले. एका बाजूला खळीचा डाग आहे, बल्ब लावला की दिसतो. वसुबारसेला संध्याकाळी कंदील गॅलरीत टांगला. वारा होता, कंदील हलत होता, पण डुलत नव्हता. आता या दोन शब्दांतला फरक तुम्हालाही कळला असेल.

तर या दिवाळीला करून बघा. आणि सांगाडा हातात बसकण मारेल, तेव्हा फेकून देऊ नका. तेवढ्यात कागद लावा. भेटू पुढच्या भागात!